ब्राझीलचा गुडघा

इमारतीत नवा भाडेकरू ठेवायचा म्हटलं की आमच्या सासूबाईंचा एकच प्रश्न असतो: खातो काय? नोकरी, गाव, घरात माणसं किती, हे सगळं त्यांच्या मते मागाहून कळतंच. एका फुटबॉल क्लबाने आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आपल्या खेळाडूसाठी भाड्याने घेतला आणि तो खेळाडू ब्राझीलहून येणार आहे असं मी त्यांना सांगितलं, तेव्हा ब्राझील कुठे आलं हे त्यांनी विचारलं नाही. तो खातो काय, एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं. मग करार कशाला केलास, असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

करार मीच केला होता, हे खरं. आमच्या गावात, काल्हेरमध्ये, शेती म्हणजे आता गोडाऊनच. जिथे सासूबाईंनी कमरेत वाकून भात लावला, तिथे आता दिवसभर ट्रक पिपाणी वाजवत मागे येत असतात. त्या गोडाऊनची भाडी, करार, कंपन्यांच्या मॅनेजरांशी इंग्रजीत मेलामेली हे सगळं माझ्याकडे. नवऱ्याचं इंग्रजी क्रिकेटच्या कॉमेंट्रीपलीकडे जात नाही. त्यामुळे हा परदेशी पाहुणाही माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं.

तो आला तेव्हा आम्ही सगळे गॅलरीत उभे होतो. उंच, टक्कल केलेला, दाढीत पांढरे केस. छत्तिशीचा असेल. क्लबाच्या माणसाने गाडीतून दोन बॅगा उतरवल्या आणि त्याने स्वतः, अगदी जपून, हातात धरून एक प्रेशर कुकर उतरवला. अर्ध्या जगाला वळसा घालून येताना कुकर घेऊन येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. सासूबाईंनी मान थोडी तिरकी केली. दुपारी त्या काहीतरी निमित्त काढून वर जाऊन आल्या. त्याच्या त्या कुकरात काळ्या घेवड्यासारखं काहीतरी शिजत होतं आणि शेजारी पातेल्यात भात.

"भात खातो," त्यांनी खाली येऊन जाहीर केलं. "म्हंजे मानूस हाय."

त्या दिवसापासून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वर जाऊ लागली. तो उसाच्या मळ्यांतल्या गावचा, समुद्रापासून लांबचा, त्यामुळे मासळीचं त्याला फारसं प्रेम नव्हतं. पण सासूबाईंच्या समोर बसून न खाण्याची हिंमत आमच्या घरात कुणाचीच नाही, तर त्याची काय असणार. गल्लीतली पोरं त्याला 'ब्राझील' म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. नवऱ्याचे मित्र मला हाक मारतात ते ऐकून तो मला वहिनी म्हणू लागला. हे माझं नावच आहे अशी त्याची बरेच दिवस समजूत होती आणि मीही ती काढली नाही. सासूबाईंना तो आई म्हणायचा. त्याचा अर्थ मात्र त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

काल्हेरमध्ये त्याला भेटणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारायचा: तू त्या पिवळ्या जर्सीत खेळलायस का? त्याचं उत्तर ठरलेलं होतं. ती जर्सी मी टीव्हीवर पाहिली आहे, तुमच्यासारखीच. विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. माझा नवरा तर एक दिवस जेवताना म्हणाला की क्लबाने आपल्याला फसवलं, हा खरा ब्राझीलवाला नाही. मी म्हटलं, तू रोज क्रिकेट बघतोस, तू भारताकडून खेळलायस का? त्यावर तो जेवला आणि उठला.

त्याची सगळी हकिगत मला गच्चीवर कळली. संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढायला जायची तेव्हा तो तिथे एका उलट्या क्रेटवर पाय टाकून बसलेला असायचा, उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं ऑफिसचं. दोघांनाही ती भाषा उसनीच, म्हणून बोलायला संकोच वाटायचा नाही.

त्यांच्याकडे प्रत्येक पोराला पुढे खेळायचं असतं, गोल मारायचे असतात. हाही त्यातलाच. पण तेराव्या वर्षी तो एकदम ताडमाड वाढला आणि तिथल्या मास्तरांनी त्याच्याकडे बघून मागे बोट दाखवलं: तू तिथे उभं राहायचं. तो घरी जाऊन रडला होता. मागे ज्याला उभं करतात तो रडतोच, असं तो म्हणाला. मग हळूहळू त्या जागेची सवय झाली, आणि सवयीची कधी आवड झाली ते त्यालाच कळलं नाही. मागे उभं राहिलं की सगळं मैदान समोर दिसतं. पुढच्याला फक्त गोल दिसतो.

पण त्या आवडीवर संसार कसा चालायचा? त्यांच्याकडच्या लहान क्लबांचा हंगाम तीन-चार महिन्यांचा. तेवढ्यापुरता करार. हंगाम संपला की क्लबाला कुलूप आणि खेळाडू घरी. उरलेलं वर्ष तो मामाच्या दुकानात ट्रकचे टायर काढायचा. मग कुणीतरी पोर्तुगालला नेलं, दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात. तिथे मैदान कायम ओलं. मग सायप्रस, तिथली जमीन इतकी टणक की पडलं की कातडं सोलायचं. मग व्हिएतनाम. मग भारतात एक शहर, आणि मग आमचं हे. देश त्याला गवतावरून आठवायचे. तिथली देवळं, चर्च, बाजार यांतलं त्याने काही पाहिलंच नव्हतं. सराव, मॅच, बर्फ, झोप. लग्न झालं नाही, का ते मी विचारलं नाही. आईला भेटून किती वर्षं झाली ते विचारलं, तेव्हा त्याने बर्फाची पिशवी उचलून पुन्हा ठेवली, बोटांवर वर्षं मोजायला घेतली आणि मधेच सोडून दिली.

एकदा आम्ही नवराबायको त्याची मॅच बघायला गेलो. कशेळीचा पूल, मेट्रोच्या खांबांतून वाट काढत जाणं, हे सगळं करून पोहोचलो तर स्टेडियमात शुकशुकाट. चेंडू बराच वेळ त्याच्याकडे येईचना. माझा नवरा कंटाळून शेंगदाणे खात बसला. मला मात्र गंमत वाटली, कारण हा माणूस मॅचभर ओरडत होता. हात करून एकाला डावीकडे सरकवत होता, दुसऱ्याला मागे बोलवत होता, डोळ्यांत तेल घालून सगळीकडे बघत होता. पंगतीत वाढप्यांवर देखरेख करणाऱ्या यजमानासारखा त्याचा जीव सगळ्यांत अडकलेला. परत येताना गाडीत त्याचा आवाज बसला होता. नवऱ्याने त्याला, मीच तर्जुमा करून, विचारलं की चेंडू तुझ्याकडे आलाच नाही, वाईट नाही वाटलं? तो हसला. म्हणाला, म्हणजे आज काम चांगलं झालं.

त्यानंतर नवऱ्याने 'खरा ब्राझीलवाला नाही' हे म्हणायचं सोडलं.

थंडी संपता संपता त्याचा गुडघा बिघडला. तसा तो आधीपासून झिजलेलाच होता, पण एका मॅचमध्ये घसरला आणि सूज उतरेना. मोठं असं काही फाटलेलं नव्हतं. क्लबाच्या फिजिओने सांगितलं: विश्रांती, हलका व्यायाम, बर्फ. शेक नाही, मालिश नाही. हंगामाची घरच्या मैदानावरची एकच मॅच उरली होती आणि तिच्या दोन दिवस आधी फिजिओ त्याला पळवून बघणार होता. पळता आलं तर तो खेळणार. नाही आलं तर करार तसाही तिथेच संपत होता.

मी त्याला सहज म्हटलं, एक मॅच गेली तर गेली. पुढच्या वर्षी दुसरा क्लब मिळेल.  त्यावर तो म्हणाला की पुढचं वर्ष नाही, त्याने थांबायचं ठरवलंय. आणि मग त्याने मला जे सांगितलं ते मी विसरणार नाही.

"वहिनी, माझ्यासारख्याला कुणी संपलं असं सांगत नाही. फक्त फोन यायचा बंद होतो. माझे सगळे मित्र असेच संपले. त्यांची शेवटची मॅच कुठली होती हे त्यांना नंतर आठवून काढावं लागतं. मला एक मॅच अशी हवी आहे, की मैदानात उतरतानाच मला माहीत असेल, ही शेवटची."

एवढीच त्याची इच्छा. कप नको, हारतुरे नकोत. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, कारण गुडघ्याची सूज उतरत चालली होती. तो जिना सरळ चढू लागला होता. गच्चीवर हळू हळू धावूनही बघायचा. खालच्या मजल्यावर धप धप ऐकू आलं की मी मनातल्या मनात हात जोडायची.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं, आणि तिथेच पुढचं सुरू झालं.

त्यांना तो बर्फ पहिल्यापासून खुपत होता. "बरफ मेलेल्या मच्छीला लावतात," त्या म्हणायच्या. "जित्या मानसाला न्हाय." खाडीवरच्या बाईला हे कुणी शिकवायचं? त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांचं औषध ठरलेलं. दर महिन्याला गावातल्या चार बायका मिळून एक व्हॅन ठरवतात, अंबाडीच्या नाक्यावर चहा-वडा, वज्रेश्वरीला ओटी, आणि मग गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून तासभर गप्पा. परत येतात तेव्हा सगळ्याजणी ताठ चालत असतात. ते पाण्याने, देवीने की घरातून एक दिवस सुटका झाल्याने, हे मी आजवर विचारलेलं नाही. मला तेवढी अक्कल आहे.

त्या महिन्याच्या फेरीत ब्राझीलला न्यायचं त्यांनी ठरवलं. फेरी नेमकी त्या पळून बघायच्या आदल्या दिवशी. मी सांगितलं की डॉक्टरांनी शेक नको म्हटलंय. त्या म्हणाल्या, डाक्टरला काय विचारायचं, देवीला बोलले हाय मी. त्याच्या गुडघ्यासाठी नारळाच्या तोरणाचा नवस बोलून बसल्या होत्या. आता देवीला बोललेलं मोडायचं म्हणजे आमच्याकडे काय होतं ते सांगायला नको. मी हात टेकले आणि वर जाऊन त्यालाच सांगितलं, स्वच्छ शब्दांत: पाणी कढत असतं, तुला ते चालणार नाही, तू सराव आहे असं सांग, मी सांभाळून घेते. त्याने ऐकून घेतलं. देवीला बोलल्या म्हणजे काय, ते विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हॅनच्या पुढच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसला होता आणि मागे चार म्हाताऱ्या. मीही चढले. काय करणार?

देवळात तो सगळ्यांसारखा रांगेत उभा राहिला. कुंडावर आलो. मला वाटलं पाय भिजवल्यासारखं करेल आणि उठेल. पण सासूबाई लुगडं खोचून पायरीवर बसल्या, त्याचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तांब्याने त्या गुडघ्यावर कढत पाणी ओतू लागल्या. मधूनमधून अंगठ्याने वाटीभोवती दाबत होत्या, तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना दाबतात तसं. तोंडाचा पट्टा चालूच. आमच्या भाषेत, त्याला एक अक्षरही कळणार नाही असं, त्या त्याला सांगत होत्या की त्यांचा धाकटा दीर कसा झाडावरून पडला होता आणि इथेच कसा बरा झाला. मी दोनदा म्हटलं, आई, पुरे. त्याने माझ्याकडे बघून नुसता हात केला, मॅचमध्ये करतो तसा. राहू दे, असं. आणि डोळे मिटून बसला. त्याचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

सकाळी त्याचा गुडघा टम्म झाला होता.

गरम पाण्याने झालं की ते दाबण्याने, की होणारच होतं, हे फिजिओलाही नक्की सांगता आलं नाही. पण पळणं दूरच, त्याला पाय धड वाकवता येईना. मैदानावर जाऊन तो लगेच परत आला आणि जिन्यात मला भेटला. म्हणाला, नाही जमलं. मला रडूच आलं. राग सासूबाईंचा, त्यांच्या देवीचा, त्याचा, आणि तर्जुमा करत हिंडणाऱ्या माझा. तो मात्र म्हणाला की आईंना यातलं काही सांगायचं नाही. कोचला तरुण मुलांना संधी द्यायची आहे, एवढंच सांग. मी म्हटलं, तुला माहीत होतं ना गरम पाणी चालत नाही? मग बसलास कशाला? नाही म्हणायला काय झालं होतं?

तो जिन्याच्या कठड्याला टेकला.

"वीस वर्षं या गुडघ्याला लोक हात लावताहेत," तो म्हणाला. "सगळे पगारी. त्यांना तो मॅचसाठी हवा होता. आईंना मॅच म्हणजे काय हेही माहीत नाही."



मॅचच्या दिवशी सासूबाई जन्मात पहिल्यांदा स्टेडियमात आल्या. आपण बरा केलेला गुडघा पळताना बघायला त्या व्हॅनमधल्या तिघींनाही घेऊन आल्या होत्या. ब्राझील बाकावरही नव्हता. साध्या कपड्यांत, आमच्या पुढच्या रांगेत येऊन बसला. मी पढवलेलं सांगितलं: कोचला तरुण मुलांना संधी द्यायची आहे. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मैदानाकडे तोंड केलं. मॅचभर ब्राझील हात हलवत, बसल्या जागेवरून, आपल्या जागी खेळणाऱ्या मुलाला सरकवत राहिला. तिथवर आवाज पोहोचत नव्हता. मॅच बरोबरीत सुटली. तो उठून उभा राहिला, मैदानाकडे बघत राहिला, आणि मग व्हॅनपर्यंत सासूबाईंना हात देऊन चालत आला. कुणी कुणाला आधार दिला होता ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

आठवड्याभरात तो गेला. कुकर मागे ठेवून गेला, आईंसाठी. आता तो आपल्या गावी मुलांना शिकवतो. मागे कोण उभं राहणार ते तोच ठरवतो, आणि ती पोरं रडतात म्हणे.

महिन्यातून एकदा तो व्हिडिओ कॉल करतो. त्याच्याकडे सकाळ असते. सासूबाई फोन तोंडाजवळ धरून ओरडून एकच विचारतात: "गुरघा?" हा एक शब्द त्याला चांगला कळतो. तो फोन समोर उभा करून ठेवतो, खुर्चीवरून उठतो, गुडघा वाकवून दाखवतो, पुन्हा सरळ करतो. एकदम मस्त, आई, असं म्हणतो. सासूबाई बोटं मोडून त्याची दृष्ट काढतात. मी बाजूला बसून हे बघते, आणि उठताना त्याची मूठ टेबलाच्या कडेवर आवळलेली मला दिसते.

परवाही तसंच झालं. फोन बंद झाल्यावर मी उठले, तर सासूबाई म्हणाल्या, "टेबलाला धरून उठतो तो."

मी तिथेच थांबले. त्या शांतपणे जवळा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की कुंडावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला जिना उतरताना बघितलं होतं. गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. स्टेडियमात येण्याआधीच त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि मी सांगितलेलं कोचचं त्यांनी तरीही ऐकून घेतलं होतं. इतक्या दिवसांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.  मी विचारलं, मग दर वेळी त्याला गुडघ्याचं विचारता कशाला?

त्यांनी सूप झटकलं.

"न्हाय विचारलं तं त्याला वाटंल, म्हातारीला कललंय."